जबडे सोडल्यावर

तिसरी रिंगही नापास झाली, तेव्हा धाकटीने आधी हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, आणि मग तपासणी खोलीच्या काचेच्या दाराकडे. त्या दाराआड तिची नणंद बसत होती, आणि चिठ्ठीवरचं अक्षर नणंदेचंच होतं. एकशे चाळीस मायक्रॉन. खाली एक रेघ. बाकी काही नाही.

धाकटीला घरात धाकटी म्हणत, कारण ती त्या घरची धाकटी सून. नणंद कारखान्यात आधीपासून होती. तिने एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर "धाकटे, डबा विसरलीस" म्हणून हाक मारली, आणि ते नाव कारखान्यालाही चिकटलं. नऊ वर्षं तिने बर काढायच्या टेबलावर काढली होती. दुसऱ्यांनी कापलेल्या कामाच्या कडेला जी धार राहते, ती कानशीने घासून काढायची. बोटांचे ठसे झिजून गुळगुळीत झाले. मग आठ महिन्यांपूर्वी तिला मोठा लेथ मिळाला. ज्या दिवशी मिळाला त्या दिवशी घरी जाऊन तिने कोणाला काही सांगितलं नाही, नुसतं आरशासमोर उभं राहून केस दोनदा विंचरले.

आता त्या लेथवर पाच रिंगा आल्या होत्या. विमानाच्या इंजिनाच्या पोटात बसणाऱ्या. निकेलच्या मिश्रधातूच्या, हातभर रुंदीच्या, आणि कापून झाल्यावर अंगाला इतक्या पातळ की ठोकली तर भांड्यासारखी वाजावी. धातू भलता हट्टी; पात्याला दाद देत नाही, तापतो, किंचाळतो. काम मात्र समजायला सोपं. रिंग गोल हवी. सगळ्या बाजूंनी मोजली तर लांबी-रुंदीत पन्नास मायक्रॉनपेक्षा जास्त फरक नको. म्हणजे डोक्यावरचा एक केस असतो ना, त्याच्याहूनही कमी.

आणि धाकटीच्या हातून ती गोल होत होती. हीच तर गंमत होती. शेवटचा कट झाला की ती मशीन थांबवी, थंड होऊ देई, काट्याचा डायल लावून, रिंग पकडून ठेवणारा चक हळूहळू फिरवी. काटा जेमतेम थरथरे. दहा मायक्रॉन, बारा मायक्रॉन. शेजारच्या मशीनवाल्याला बोलावून तिने दाखवलंसुद्धा. तो म्हणाला, "ही गोल नाही तर चंद्रही गोल नाही."

मग ती चकचे तीन जबडे सोडी, रिंग लेकरासारखी दोन्ही हातांवर घेई, मऊ कापडात ठेवी आणि तपासणी खोलीत नेई. मशीनपासून काचेच्या दारापर्यंत चाळीस पावलं. ती मोजली होती तिने. त्या चाळीस पावलांत रिंगेचं काय बिनसत होतं, ते तिला कळत नव्हतं. निघताना दहा, पोहोचताना एकशे चाळीस.

कळायला विचारावं लागतं, आणि विचारायचं तर वन्संना. तिथेच घोडं पेंड खात होतं.

वन्संचा एक नेम होता. सकाळी कामावर आल्यापासून दुपारच्या भोंग्यापर्यंत त्या बोलत नसत. फार वर्षांपूर्वी मोजता मोजता कोणाशी तरी बोलल्या, आणि एक आकडा चुकीचा लिहिला गेला. तो वेळीच सापडला, कोणाचं काही बिघडलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी मनाशी नेम धरला, आणि अकरा वर्षं तो मोडला नव्हता. मोजायचं, लिहायचं, चिठ्ठी सरकवायची. नवे लोक आधी हसत, मग "मायक्रॉनबाई" म्हणत, मग सवय होई. दुपारनंतर बोलत, तेही मोजूनमापून. आणि घरी गेल्यावर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं. "कारखान्याचं कारखान्यात."

म्हणजे सकाळी मौन, संध्याकाळी नियम. मधल्या वेळात धाकटी मशीनवर. एकाच घरात राहून, एकाच बसने येऊन, दोघींना बोलायला दिवसात जागाच नव्हती.

फोरमनने तिसरी चिठ्ठी वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला. माणूस वाईट नव्हता. पण वरून विचारणा झाली की त्याचा आवाज आपोआप चढे.

"पाचातल्या तीन गेल्या," तो म्हणाला. "दोन उरल्या. चौथीही अशीच निघाली तर मी तुम्हाला लेथवर ठेवू शकत नाही. वरून सांगून ठेवलंय. परत बरच्या टेबलावर."

"पण मशीनवर ती गोल होती."

"मी मशीन विमानात बसवणार नाहीये, रिंग बसवणार आहे."

जे तीन दिवस मनात घोळत होतं ते धाकटीच्या तोंडून निसटलं. "तपासणीचं टेबलच वाकडं असेल तर?"

फोरमन हसला. "नाचता येईना, अंगण वाकडं. ऐकलंय मी. ते टेबल दगडाचं आहे, बाई. माझ्या वजनाच्या तिप्पट."

"एकदा बघायला काय हरकत आहे?"

तिला खरं तर टेबलावर संशय नव्हता. संशय होता माणसावर, आणि तो तिला स्वतःशीही धड बोलता येत नव्हता. वन्सं आपलं काम मुद्दाम पाडतील? कशासाठी? नऊ वर्षं आपण खाली होतो तेव्हा बरं चाललं होतं, वर आलो तेव्हा आकडे बिघडले, असं तर नाही? मग लगेच वाटे, छे. ज्या बाईने एका आकड्यापायी अकरा वर्षं अर्धा दिवस तोंड मिटून ठेवलं, ती खोटा आकडा लिहील? मग पुन्हा वाटे, नणंद ती नणंद. असं तिचं मन लंबकासारखं इकडून तिकडे जात होतं आणि कुठेच थांबत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोरमनच्या परवानगीने ती तपासणी खोलीत गेली. आत गारवा होता, एकसारखा, बाराही महिने तेवढाच. मधोमध दगडी टेबल, त्यावर खांबाला लटकलेला मोजणीचा हात, आणि हाताच्या टोकाला लाल मणी. तो मणी रिंगेला ठिकठिकाणी हलकेच टेकतो आणि पडद्यावर आकडा उमटतो.

वन्संनी तिच्याकडे पाहिलं, टेबलावरच्या तिसऱ्या रिंगेकडे पाहिलं, आणि बाजूला झाल्या. हाताने खूण केली. तूच ठेव.

धाकटी गोंधळली. तिने भांडणाची तयारी केली होती, जागेची नव्हती. तिने रिंग उचलली, पाव वळसा फिरवली, पुन्हा ठेवली. धातूवर एका ठिकाणी रिंगेचा नंबर ठोकलेला होता. आधी तो दाराकडे होता, आता खिडकीकडे आला. लाल मणी टेकत टेकत गेला. टेबल वाकडं असतं तर रिंग आताही दाराच्याच दिशेने लांब निघायला हवी होती. ती निघाली खिडकीच्या दिशेने. नंबर जिकडे, लांबी तिकडे.

वन्संनी चिठ्ठीवर लिहिलं, एकशे चाळीस. रेघ मारली. चिठ्ठी सरकवली. चेहऱ्यावर राग नाही, विजय नाही, काही नाही.

म्हणजे टेबल खरं. वन्संही खऱ्या. मग मीच खोटी की काय, असं म्हणत धाकटी चाळीस पावलं परत आली. वाटेत बरच्या टेबलावरच्या बायकांनी तिच्याकडे पाहिलं आणि एकीने जागा करून दिल्यासारखं स्टूल सरकवलं. थट्टाच होती, पण धाकटीने त्या स्टुलाकडे बघायचं टाळलं.

दुपारचा भोंगा झाला तशी ती मशीन बंद करून धावत गेली. जेवण गेलं खड्ड्यात.

"वन्सं, मी फार दाबते का रिंगेला? एकदा शिकत असताना माझ्या हातून काम निसटलं होतं, तेव्हापासून मी जबडे जरा करकचून आवळते. त्याने होत असेल का?"

वन्संनी डबा उघडला, एक घास घेतला, नीट चावला. मग बोलल्या. "तुझ्या चकला जबडे किती?"

"तीन."

"तीन बोटांनी दाबून कापलं आणि सोडलं, तर किती ठिकाणी बिघडेल?"

"तीन."

"ही दोन ठिकाणी फुगते, दोन ठिकाणी चपटी होते. अंड्यासारखी. हे तुझ्या जबड्यांचं काम नाही." त्यांनी खणातून फोरमनने परत पाठवलेल्या आधीच्या दोन चिठ्ठ्या काढल्या. मागच्या बाजूला त्यांनी पेन्सिलीने छोटी चित्रं काढली होती. अंडाकृती, आणि टोकाशी एक फुली. "तिन्ही नंबरच्या दिशेनेच लांब आहेत."

"का?"

"ते मला माहीत असतं तर चित्र कशाला काढत बसले असते?"

धाकटी खाली बसली. आपल्यासाठी कोणीतरी मागच्या बाजूला चित्रं काढत होतं, आणि आपण समोरचा आकडाच वाचत राहिलो. पण त्याने गुंता सुटला नाही, उलट वाढला. आता दोघींनाही कळत नव्हतं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"दोन रिंगांवरून सांगितलं असतं तर अंदाज झाला असता. अंदाज मी सांगत नाही." वन्संनी डबा तिच्याकडे सरकवला. "खा. रिकाम्या पोटी गोल गोष्टींचा विचार करू नये."

दोघी मिळून फोरमनकडे गेल्या. चित्रं पाहून तोही घोटाळला. ज्या कारखान्यातून या रिंगा घडवून येत, तिथे त्याने फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

पलीकडचा माणूस तडकून बोलला. "आमच्याकडून गोलच गेल्या. मोजून पाठवल्यात. तुमच्याकडेही मोजूनच घेतल्या असतील ना?"

"आत घेताना सही कोणाची आहे?" फोरमनने फोनवर हात ठेवून विचारलं.

"माझी," वन्सं म्हणाल्या. "आल्या तेव्हा गोल होत्या. मीच मोजल्या."

फोरमनने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला आणि पुन्हा वर नेला. "म्हणजे तिकडून निघताना गोल, इकडे आल्या तेव्हा गोल, चकमध्ये गोल. मग वाकडी होते कधी? रस्त्यात?"

मग वन्संनी फोनजवळ वाकून हळूच विचारलं, "भाऊ, या रिंगांना तुमच्याकडे काही वेगळं केलं होतं का? नेहमीपेक्षा वेगळं. थोडंसं का असेना."

"वेगळं असं काही नाही, ताई. भट्टीतून निघाल्या तेव्हा या खेपेच्या जरा लांबट झाल्या होत्या. होतं कधी कधी. प्रेसखाली घालून दाबून सरळ केल्या. गोल करूनच पाठवल्या की."

"दाबताना नंबर कुठे ठेवता?"

"वर. वाचायला बरं पडतं."

फोन ठेवला तरी फोरमन त्याच्याकडे बघत राहिला.

"म्हणजे तिला दाबून गोल केली होती," तो सावकाश म्हणाला. "मनातून ती लांबटच होती."

"धातूला मन नसतं," वन्सं म्हणाल्या. "पण दाब राहत असेल आत. वरचं जाड अंग होतं तोवर आवरून धरलेला. आपण ते अंग कापलं, आणि जे उरलं त्याला तो आवरेना."

"पण मग चकमध्ये गोल कशी?" धाकटीने विचारलं.

"तू धरून ठेवली होतीस."

हे उत्तर होतं, हे धाकटीला कळलं. पण पटलं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ही तऱ्हा. मग कापायचं कसं?

त्या संध्याकाळी घरी ती भांडी पुसत होती आणि एकच ताट पाच मिनिटं फिरवून फिरवून बघत होती. नवरा घरोघर पाण्याचे मीटर वाचायच्या कामावर होता. त्याला आकडा म्हणजे आकडा, त्यात शंका नसते.

"ताईने पाडलं ना तुझं काम?" त्याने आवाज बारीक करून विचारलं.

"त्यांनी नाही पाडलं."

"मग तुझं चुकलं?"

"नाही."

"मशीनचं?"

"नाही."

"मग चुकलं कोणाचं?"

आतल्या खोलीतून वन्संचा आवाज आला. "कारखान्याचं कारखान्यात."

नवऱ्याने दोघींच्या दिशेने आळीपाळीने बघितलं. "या घरात मीटर वाचणारा मी एकटाच शहाणा," म्हणून तो झोपायला गेला.

चौथी रिंग कापायची पद्धत धाकटीने सुचवली आणि फोरमनने वरून लेखी मंजुरी आणली. मंजुरीला दीड दिवस लागला. त्या दीड दिवसात धाकटीने लेथ तीनदा पुसला. परत आपल्याला मिळतो की नाही कोण जाणे.

पद्धत साधी होती आणि वेळखाऊ. एका दमात शेवटपर्यंत जायचं नाही. आधी थोडं आतून, थोडं बाहेरून, जाड अंग ठेवून कापायचं. मग जबडे पूर्ण सोडायचे आणि तिला हवं ते करू द्यायचं.

पहिला कट झाला. डायलने सांगितलं, पंधरा मायक्रॉन. गोल. फोरमन, शेजारचा मशीनवाला आणि धाकटी डायलकडे बघत उभे राहिले. धाकटीने किल्ली लावली आणि जबडे एकेक करून सैल केले.

काही झालं नाही. आवाज नाही, हालचाल नाही. रिंग होती तिथेच होती. मग तिने पुन्हा डायल टेकवून रिंग हाताने फिरवली, आणि काटा सरसर चालत सुटला. तीनशे दहा. नंबरच्या दिशेने.

"बाप रे," शेजारचा म्हणाला.

धाकटीला राग यायला हवा होता, किंवा आनंद. तिला नुसतं चुकल्यासारखं वाटलं. आठ महिने ती ज्याला गोल म्हणत होती, ते तिच्या मुठीचं होतं की धातूचं? आधीच्या कामांत दाब नव्हता, म्हणून निभावलं. पण तेव्हा तरी तिला कुठे माहीत होतं?

रात्रभर रिंग टेबलावर मोकळी राहिली. दुसऱ्या दिवशी धाकटीने तिला कडेने दाबलीच नाही. खाली सपाट बैठक, आणि वरून चार क्लॅम्प, तेही बोटाने आवळल्यासारखे. जिथे खाली फट होती तिथे तिने पत्र्याच्या पातळ पट्ट्या सरकवल्या, म्हणजे रिंगेला वाकून बसावं लागू नये. जशी आहेस तशी बस, मी तुझ्या मापाने बसते, असं ती पुटपुटली, आणि शेजारचा ऐकतोय हे पाहून खोकली. पुन्हा कापलं, पुन्हा सोडलं. या वेळी साठ. पुन्हा थोडं कापलं, सोडलं. चाळीस. शेवटचा कट तिने इतका हलका घेतला की पात्याखालून निघालेला धातूचा कीस फुंकरेने उडाला.

संध्याकाळी तिने रिंग कापडात घेतली आणि चाळीस पावलं चालली. या वेळी मोजली नाहीत, पण पायांना ठाऊक होती.

लाल मणी फिरला. वन्संनी पडद्याकडे पाहिलं. "अडतीस."

पन्नासच्या आत. वन्संनी शिक्का उचलला, शाईच्या डबीपर्यंत नेला, आणि खाली ठेवला.

"उद्या."

"उद्या काय?"

"उद्या पुन्हा मोजू. आज तिला मोकळं होऊन अर्धाच तास झालाय."

"वन्सं, अडतीस आहे ना?"

"आत्ता आहे."

घरी येताना बसमध्ये दोघी शेजारी बसल्या होत्या. धाकटीला पुन्हा तोच जुना संशय चाटून गेला, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. ती वन्संच्या हातांकडे बघत बसली. त्यांची बोटं मांडीवर ठेवलेल्या पिशवीवर हळूहळू टेकत होती, एक, दोन, तीन, मणी टेकतो तशी. त्यांनाही उद्याची धाकधूक होती. आत घेतानाची सही त्यांची होती. त्या गोल म्हणाल्या होत्या, आणि रिंगा गोलच होत्या, आणि तरीही ते खरं निघालं नव्हतं. हे ओझं घेऊन ही बाई गेले चार दिवस निमूट बसत होती, हे धाकटीच्या आत्ता ध्यानात आलं.

सकाळी वन्संनी मौनात रिंग मोजली. मग रिंग पाव वळसा फिरवून मोजली. मग पुन्हा एकदा. चिठ्ठीवर लिहिलं, एकोणचाळीस. तीनदा मोजलं, तीन वेळा तेच. शिक्का उचलला आणि या वेळी उमटवला.

लेथ राहिला. धाकटी काचेच्या दाराला टेकून उभी राहिली.

पण वन्संचं काम संपलं नव्हतं. त्यांनी खणातून आधीच्या तीन नापास रिंगांचा छापील कागद काढला. त्यावर "कारण" असं लिहून तीन चौकोन होते. कामगाराची चूक. मशीनचा दोष. येणाऱ्या मालाचा दोष. एकावर खूण करायची. कामगार म्हणजे धाकटी. माल म्हणजे वन्संची सही. मशीन बिचारं निर्दोष. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर तोही कोण ते ठरेना.

वन्संनी पेन कागदावर ठेवलं आणि कागद धाकटीकडे सरकवला. भोंग्याला अजून तीन तास होते.

धाकटी पेन हातात धरून बराच वेळ उभी राहिली. तिने एकेका चौकोनावर निब नेलं आणि परत आणलं. तिसऱ्यावर खूण केली असती तर कोणी तिला दोष दिला नसता. वन्संनी तर पेनच तिच्या हातात दिलं होतं. तिने वर पाहिलं. वन्सं पडद्याकडे बघत होत्या, मुद्दाम.

तिने चौकोन सोडून दिले. खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं: "प्रेसखाली दाबून गोल केलेली होती. आली तेव्हा गोल होती. धरली तेव्हा गोल होती. सोडली तेव्हा नव्हती. पुढच्या खेपेला दाबलेली आहे का, हे घेतानाच विचारावं. कापताना मधून मधून सोडून बघावं." खाली सही केली. वन्संनी कागद वाचला, पेन घेतलं, आणि त्या सहीशेजारी आपली सही केली.

फोरमनने तो कागद उजेडाकडे धरून वाचला. "अहो, एकावर तरी खूण करा. वरच्या ऑफिसात कारण विचारतील."

"हेच कारण आहे," धाकटी म्हणाली.

"हे कारण नाही, ही कहाणी आहे."

"मग तसं कळवा."

तो डोकं हलवत गेला. वर काय झालं, ते धाकटीला कधी कळलं नाही. आठवड्याभराने रिंगांसोबत येणाऱ्या कागदावर एक नवी ओळ मात्र छापून आली: प्रेसखाली दाबली आहे की नाही.

कागदावर सह्या झाल्या त्या दिवशी दुपारचा भोंगा झाला तेव्हा ती पाचवी रिंग पट्ट्यांवर बसवत होती. वन्सं डबा घेऊन मशीनपाशी आल्या. अकरा वर्षांत त्या पहिल्यांदाच ती चाळीस पावलं उलट चालून आल्या होत्या. धाकटीने हात पुसले. आता त्या काय बोलणार, याचा तिला काही केल्या अंदाज येईना.

"अक्षर जरा मोठं काढत जा," वन्सं म्हणाल्या. "वर नेण्याआधी फोरमनला तो कागद माझ्याकडून पुन्हा वाचून घ्यावा लागला. भोंग्याआधी."

"मग? तुम्ही वाचून दाखवलात?"

"छे. बोट ठेवत गेले एकेका शब्दावर." त्यांनी डबा उघडला आणि बसवलेल्या रिंगेकडे पाहिलं. "आत्ता गोल आहे का गं ही?"

धाकटीने डायलकडे पाहिलं, मग क्लॅम्पकडे पाहिलं.

"सोडल्यावर सांगते," ती म्हणाली.